आधी कॅडेटसाठी बर्थ, मग धक्क्याची लांबी : मॉरिशसच्या सागरी प्रशासनास आणि तेथील मराठी बांधवांस ग्वाल्हेरहून खुले पत्र

महोदय, आणि मॉरिशसमधील मराठी मंडळ्यांतील बंधुभगिनींनो,

सादर नमस्कार.

व्यापारी जहाजांवर चौतीस वर्षे नोकरी करून चीफ इंजिनिअर म्हणून मी निवृत्त झालो आणि आता ग्वाल्हेरला, लष्कर भागात, वडिलोपार्जित घरी राहतो. आमच्या गावापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. तेव्हा इथल्या माणसाने हिंदी महासागरातल्या एका देशाला जहाजवाहतुकीविषयी पत्र का लिहावे, असा प्रश्न आपल्याला पडणे साहजिक आहे. त्याचे कारण काही माझ्या नोकरीत आहे आणि काही या गावाच्या इतिहासात, आणि दोन्ही खाली सविस्तर लिहिले आहे. पत्र मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच की आपल्या देशात मराठी शाळांतून शिकवली जाते, आणि मंत्रालयाच्या टेबलावर पोहोचण्याआधी हे पत्र एखाद्या मराठी घरात, मुलाबाळांसमोर वाचले जावे अशी माझी इच्छा आहे. ते इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये उतरवून देणारी माणसे आपल्याकडे भरपूर आहेत.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो. मॉरिशसच्या बंदरातून, इंधनविक्रीतून किंवा ध्वजातून, म्हणजे तिथल्या नोंदणीतून, ज्या ज्या जहाजाला फायदा होतो, त्या जहाजावर मॉरिशसच्या एका मुलाला किंवा मुलीला कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून जागा मिळाली पाहिजे, आणि ती कोणाच्या मर्जीने नव्हे तर कायद्याने मिळाली पाहिजे.

हे मला कोणत्या अहवालावरून सुचलेले नाही. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमचे जहाज पोर्ट लुईच्या बाहेरच्या नांगरवाड्यात बंकर, म्हणजे जहाजाचे इंधन, घ्यायला थांबले होते. दिवसभर लांब लाटेचा डोल चालू होता, बार्ज, म्हणजे तेल आणणारी सपाट नौका, आमच्या कुशीला लागून वरखाली होत होती आणि तिची रबरी नळी आमच्या जहाजाच्या तेलाच्या नळांना जोडलेली होती. नियमाप्रमाणे तेल घेताना थेंब थेंब नमुना गोळा होतो, तो शेवटी बाटल्यांत भरतात, बाटल्या सीलबंद करतात आणि त्यांच्या लेबलांवर दोन्ही बाजू सह्या करतात. बार्जवरून जो मुलगा बाटल्या घेऊन वर आला, त्याचे वय तेवीस-चोवीस असेल. बॉयलर सूटच्या बाह्या त्याने कोपरापर्यंत दुमडल्या होत्या आणि हातावरचे तेल तो कापडी चिंधीने पुन्हा पुन्हा पुसत होता, कारण लेबलवर डाग पडला तर बाटली नाकारली जाते हे त्याला ठाऊक होते. माझी सही झाल्यावर त्याने नाव वाचले आणि थांबत थांबत, शाळेतला धडा आठवावा तसे विचारले, “तुम्ही मराठी?”

मग दहा मिनिटे आम्ही तिथेच उभे राहिलो. त्याचे पूर्वज मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून, आलेले होते. गाव कोणते ते त्याला ठाऊक नव्हते, फक्त रत्नागिरीकडचे एवढेच घरात सांगत असत. त्याला मरीन इंजिनिअर व्हायचे होते. वर्कशॉपचे शिक्षण झाले होते, आगीशी लढण्याचा आणि लाइफबोटीचा कोर्सही झाला होता. पुढे काय अडले, असे मी विचारले, तेव्हा त्याने फक्त वर, आमच्या जहाजाच्या धुराड्याकडे बोट दाखवले. त्याला चढायला जहाज मिळत नव्हते. दोन वर्षे अर्ज करून तो शेवटी बार्जवर मदतनीस म्हणून लागला होता.

या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडे समजावून सांगतो. जहाजावरचा अधिकारी केवळ वर्गात बसून होत नाही. एसटीसीडब्ल्यू नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ चा आहे, त्यात १९९५ आणि २०१० मध्ये मोठे बदल झाले आणि जगातले जवळजवळ सगळे जहाजी देश तो पाळतात. त्यानुसार डेकवरच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी मान्य प्रशिक्षणाचा भाग म्हणून किमान १२ महिने प्रत्यक्ष समुद्रसेवा लागते. असे प्रशिक्षण नसेल, तर हाच काळ ३६ महिन्यांवर जातो. इंजिनकडच्या उमेदवाराला वर्कशॉप आणि समुद्र मिळून किमान १२ महिने काढावे लागतात आणि त्यांपैकी निदान सहा महिने चालत्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये. बंदराच्या हद्दीत फिरणाऱ्या बार्जवर किंवा टगवर, म्हणजे मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीवर, माणूस हातोटी शिकतो, पण ती नोकरी पूर्ण समुद्रसेवा म्हणून धरली जात नाही. म्हणून त्या मुलाने बार्जवर दहा वर्षे काढली असती, तरी तो जिथे होता तिथेच राहिला असता. वर्ग उभारणे सोपे असते. जहाजावरची एक केबिन, लाइफबोटीतली एक जागा आणि शिकवायला तयार असलेला एक सेकंड इंजिनिअर मिळवणे अवघड, आणि सगळे तिथेच अडते. आमच्या भाषेत यालाच बर्थ म्हणतात.

आता ग्वाल्हेरचा संबंध सांगतो. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याची एक शाखा शिंद्यांच्या दरबारात सरदार म्हणून इथे राहिली, त्यामुळे समुद्राचे नाव या गावाला अगदीच परके नव्हते. पण मला सांगायची गोष्ट पुढची आहे. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे १८९१ चे प्रवासी जहाज पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ मध्ये, ग्वाल्हेरच्या महाराजा माधवराव शिंद्यांनी भारतीय सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून घेतले. त्याचे नाव बदलून ‘लॉयल्टी’ ठेवले गेले. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ते विकत घेतले, कंपनी स्थापन केली आणि तिला ‘सिंदिया’ हे नाव ग्वाल्हेरच्याच संबंधातून दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आम्ही आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

भाषणांतून ही गोष्ट इथेच संपते. मला मात्र तिच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. जहाज होते, भांडवल होते, मालक भारतीय होते आणि मनात जिद्दही होती. पण त्या काळी जहाजांवर भट्टीत कोळसा टाकणारे, सुकाणू धरणारे, दोर ओढणारे खलाशी भारतीय असत, कोकणातले सारंग आणि टिंडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, पिढ्यान्‌पिढ्या ते काम करत आले होते, आणि ब्रिजवरचा, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षातला, नि इंजिनरूममधला अधिकारी मात्र साहेब असे. भारतीय मुलाला अधिकारी करणारी सोयच देशात नव्हती. ‘लॉयल्टी’ पुढे तोट्यात गेली आणि १९२३ मध्ये मोडीत निघाली. ब्रिटिश कंपन्यांच्या दरयुद्धापुढे सिंदियाला त्याच वर्षी किनारी वाहतुकीपुरते बांधून घेणारा करार करावा लागला. १९२३ मध्येच सरकारने नेमलेल्या समितीपुढे भारतीय अधिकारी घडवण्याचा प्रश्न आला आणि त्यातून १९२७ मध्ये मुंबईला ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या मुलांना ब्रिटिश कंपन्या घ्यायला नाखूश होत्या. त्यांना बर्थ देणारी भारतीय जहाजे होती, म्हणूनच ती मुले पुढे कप्तान झाली. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक १९२८ मध्ये केंद्रीय विधिमंडळात आले आणि अडले. ते राखीवपण प्रत्यक्षात यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. तोवर जी जहाजे टिकली आणि जे अधिकारी तयार झाले, त्यांच्याच बळावर स्वतंत्र भारताची जहाजवाहतूक उभी राहिली. बंदर किंवा जहाज विकत घेता येते, भाड्यानेही मिळते, पण कप्तानाची आणि चीफ इंजिनिअरची पिढी तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात, आणि ती वर्षे पैसे टाकून कमी करता येत नाहीत.

आपल्या देशात सध्या जी स्वप्ने बोलली जातात, त्यांविषयी मी थोडक्यात लिहितो. ट्रान्सशिपमेंटमध्ये मोठ्या जहाजातून उतरवलेला कंटेनर काही दिवस धक्क्यावर ठेवून दुसऱ्या जहाजावर चढवला जातो. त्या मालाचे आपल्या भूमीशी नाते नसते. २००० मध्ये मर्स्कने आणि २००२ मध्ये एव्हरग्रीनने आपला कारभार सिंगापूरहून शेजारच्या मलेशियातल्या तांजुंग पेलेपासला हलवला. सिंगापूरसारख्या बंदरालाही ते थांबवता आले नाही. कोलंबोचा मोठा धंदा भारतीय माल असा एका जहाजातून दुसऱ्या जहाजावर चढवण्यावर चालतो आणि आता केरळात विझिंजम बंदर सुरू झाले आहे. पोर्ट लुईने तर हा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. १७३५ मध्ये आलेल्या ला बूर्दोने या फ्रेंच गव्हर्नराने बांधलेले हे बंदर पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांचा विसावा होते, आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर तो रस्ताच बदलला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे पुन्हा केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली आणि आपल्या नांगरवाड्यात गर्दी झाली. या गर्दीचे पैसे अवश्य घ्यावेत. पण हा रस्ता आपला नाही आणि उद्या पुन्हा बदलेल हे गृहीत धरून ते पैसे खर्च करावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाकाशिओ जहाजाच्या अपघाताविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. २५ जुलै २०२० च्या रात्री सुमारे ३०० मीटर लांबीचे ते रिकामे बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल वाहणारे जहाज, मॉरिशसच्या पोइंट द’एस्नीजवळच्या प्रवाळावर चढले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून तेल गळू लागले, सुमारे १,००० टन तेल त्या खाजणात गेले आणि १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. मोबाइलला सिग्नल मिळावा म्हणून जहाज किनाऱ्याजवळ आणल्याचे पुढे आले. कप्तान माझ्या देशाचा होता, आणि हे लिहिताना मला आजही वाईट वाटते. माहेबूर्गच्या लोकांनी उसाचा पाला कापडात भरून, शिवून, तरंगते बांध केले आणि पाण्यात उतरून ते हातांनी ओढले. ती छायाचित्रे मी ग्वाल्हेरच्या घरात बसून पाहिली. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी ज्यांचे पणजोबा जहाजाच्या तळात बसवून आणले गेले, त्यांनीच उसाच्या पाल्याने समुद्र वाचवायला धाव घेतली होती. ३१ ऑगस्टला त्याच कामातला एक टग खवळलेल्या समुद्रात बुडाला आणि त्यावरच्या खलाशांचे प्राण गेले.

या अपघातातून अनेकांनी उपग्रह, रडार, दंड आणि विमा यांविषयी निष्कर्ष काढले आहेत. ते बरोबरच आहेत. पण मी इंजिनिअर आहे आणि मला त्यामागे माणसे दिसतात. किनाऱ्यावरच्या पडद्यावर एक ठिपका वाकड्या वाटेने येताना पाहून ज्याच्या पोटात गोळा येतो, असा माणूस स्वतः ब्रिजवर वॉच केलेला असावा लागतो. अडकलेल्या जहाजाच्या टाक्यांत किती तेल कुठे आहे आणि लाटांच्या माऱ्याने ते पोलाद किती दिवस तग धरेल, हे सांगणारा सर्व्हेयर इंजिनरूममधून आलेला असावा लागतो. जहाजाला बंदरात वाट दाखवणारा पायलट, हार्बर मास्टर, टगचा कप्तान, अपघाताचा तपास करणारा अधिकारी, समुद्री विद्यालयातला शिक्षक, या सगळ्या जागा एकाच झाडाला लागतात आणि ते झाड कॅडेटच्या बर्थमध्ये लावावे लागते. आज एखादी मुलगी कॅडेट म्हणून चढली, तर २०४० च्या सुमारास आपल्याला आपला पायलट मिळेल. मॉरिशसची जमीन २,०४० चौरस किलोमीटर आहे आणि तिच्या हक्काचा समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर. एवढ्या पाण्याची राखण बाहेरून बोलावलेल्या सल्लागारांच्या भरवशावर करता येणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते लिहितो. पहिली गोष्ट रॉड्रिग्जच्या जहाजाची. पोर्ट लुईपासून सुमारे ५६० किलोमीटर दूर असलेल्या त्या बेटावर चाळीस हजारांहून अधिक माणसे राहतात, त्यांचे सिमेंट, गॅस, तांदूळ आणि गाड्या जहाजानेच येतात. आगालेगा तर त्याहून दुप्पट अंतरावर, उत्तरेला आहे. हा मार्ग कोणत्याही परदेशी लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, लहरीवर हलणार नाही, कारण या बेटांना जहाजाशिवाय भागणारच नाही. म्हणून या मार्गावरचे पुढचे जहाज मागवताना त्यात बारा कॅडेटांच्या केबिन, एक लहान वर्ग आणि तितक्या जादा माणसांची लाइफबोटीत जागा नकाशातच धरावी. जहाज बांधून झाल्यावर ही जागा काढता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. खुल्या समुद्रातली फेरी, दोन्ही टोकांना मूरिंग, चक्रीवादळाच्या मोसमातले निर्णय, माल आणि प्रवासी दोन्ही, असे प्रशिक्षण मोठ्या कंटेनर जहाजावर वर्षभरातही मिळत नाही. शिवाय ही समुद्रसेवा पूर्ण धरली जाते.

दुसरी गोष्ट सवलतींची. ब्रिटनने २००० मध्ये टनेज टॅक्स, म्हणजे नफ्याऐवजी जहाजाच्या टनांवर बसणारा कर, आणला तेव्हा कंपन्यांना करात मोठी सूट दिली, पण तिच्या बदल्यात दर पंधरा अधिकाऱ्यांमागे दर वर्षी एक कॅडेट घ्यायची अट घातली. भारतानेही २००४ मध्ये टनेज टॅक्स आणताना प्रशिक्षणाची अट ठेवली. आपण बंकरच्या परवान्यात, ध्वजाच्या नोंदणीत आणि नेमाने येणाऱ्या लाइनला मिळणाऱ्या बंदर-शुल्काच्या सवलतीत हीच अट घालावी. एक सवलत, एक बर्थ. कंपनी बर्थ देणार नसेल तर तिने सवलतीइतकी रक्कम प्रशिक्षण निधीत भरावी, आणि तो निधी इमारतीवर नव्हे, फक्त बर्थ विकत घेण्यावर खर्च व्हावा. ही शेवटची अट कृपया हलक्यात घेऊ नये. निधी आला की आधी इमारत उभी राहते, हे मी आमच्याकडे डोळ्यांनी पाहिले आहे.

लहान देशाला हे झेपेल का, ही शंका मी अनेकदा ऐकली आहे. पॅसिफिकमधल्या किरिबाटीची लोकसंख्या आपल्यापेक्षा कितीतरी कमी आहे, तरी १९६७ पासून तिथल्या तारावा बेटावर नाविकांची शाळा चालली आणि तिथली मुले पिढ्यान्‌पिढ्या जर्मन कंपन्यांच्या जहाजांवर गेली, कारण शाळेला त्या कंपन्यांच्या जहाजांवरच्या नोकऱ्या जोडलेल्या होत्या. आपली मुले तर इंग्रजी, फ्रेंच आणि क्रिओल घेऊनच वाढतात आणि जहाजावरचे काम इंग्रजीतच चालते. फक्त आपल्या प्रमाणपत्राला मोठ्या ध्वजांच्या देशांकडून मान्यता मिळवून ठेवण्याचे काम सरकारने सतत करत राहिले पाहिजे, नाही तर चांगला शिकलेला मुलगाही परदेशी जहाजावर अधिकारी म्हणून सही करू शकत नाही. भारत सरकारलाही मी याच पत्रातून विनंती करतो. मार्च २०१५ मध्ये पोर्ट लुईलाच हिंदी महासागराविषयीचे भारताचे ‘सागर’ धोरण जाहीर झाले, कोलकात्यात बांधलेले ‘बाराकुडा’ हे गस्ती जहाज त्याच वेळी मॉरिशसच्या सेवेत दाखल झाले, २०२४ मध्ये आगालेगाची धावपट्टी आणि जेट्टी झाली. त्याच मैत्रीत दर वर्षी भारतीय जहाजांवर मॉरिशसच्या कॅडेटांसाठी काही बर्थ राखून ठेवले, तर त्याचा खर्च एका जेट्टीच्या मानाने नगण्य असेल. आमच्याकडेही बर्थ कमीच आहेत याची मला पूर्ण जाणीव आहे, तरीही हे लिहितो.

बर्थ कमी पडले की काय होते, ते आमच्या गल्लीतच घडले आहे. इथल्या एका मुलाच्या वडिलांनी घरातले दागिने मोडून एका दलालाला काही लाख रुपये दिले. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेणे २००६ च्या सागरी कामगार करारानुसार मुळातच बेकायदा आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मुलाला एका परदेशी बंदरात नेऊन जुनाट टगवर ठेवले, पगार नाही, त्याच्या कागदावरची समुद्रसेवा पुढे कोणी मान्य केली नाही. तो परत आला तेव्हा माझ्याकडे आला आणि कागदांची पिशवी टेबलावर ठेवून गप्प बसून राहिला. त्या पिशवीतले एकही कागद त्याच्या उपयोगाचे नव्हते. आपल्या देशात अशी दुकाने उघडण्याआधीच बर्थचे वाटप सरकारने आपल्या हाती घ्यावे, यादी जाहीर करावी आणि कोणाचा क्रमांक कितवा हे कोणत्याही आईबापाला पाहता यावे.

मराठी बांधवांनो, आता थोडे आपल्याशी. आमचे पूर्वज महादजींच्या फौजेबरोबर दख्खनहून पायी आणि घोड्यावर ग्वाल्हेरला आले, आपले पूर्वज जहाजाने पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या चढले. समुद्राची आठवण आपल्या घरांत दुःखाची असेल, हे मी समजू शकतो. पण आपल्या मंडळ्यांच्या गणेशोत्सवात, शिवजयंतीच्या कार्यक्रमात जी मुले बसलेली असतात, त्यांच्यापुढे एखाद्या निवृत्त मॉरिशियन बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या प्रमुखाला, टगच्या इंजिनिअरला बोलवा. कोकणातल्या सारंगांची परंपरा आपल्याही रक्तात आहे. मुलींनाही बोलवा. माझ्या शेवटच्या जहाजावर थर्ड इंजिनिअर मुलगीच होती आणि मध्यरात्री तेल शुद्ध करणारा प्युरिफायर अडला की मी आधी तिलाच उठवत असे.

माझ्याकडे चौतीस वर्षांच्या वह्या आहेत. कोणत्या बंदरात कोणते तेल मिळाले, कोणत्या पंपाने कधी दगा दिला आणि तो कसा उघडला, हे सगळे त्यांत हाताने काढलेल्या आकृत्यांसह लिहिलेले आहे. संध्याकाळी लष्कर भागातली चार-पाच मुले त्या वह्या घेऊन माझ्या ओसरीवर शिकायला बसतात. मॉरिशसचे पहिले बारा बर्थ निश्चित झाले, तर त्या बारा मुलामुलींना चढण्याआधी तीन महिने शिकवायला मी स्वतःच्या खर्चाने येईन. त्या वेळी बार्जवरचा तो मुलगा वयाच्या अटीत बसत असेल, तर बारांत त्याचेही नाव असावे, एवढी एक वैयक्तिक विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर
लष्कर, ग्वाल्हेर